शेडमधला सायक्लोन

निवृत्तीनंतर काहीतरी छंद लावून घ्या, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांच्या घरी आज मी केलेला एकेक पोळपाट आहे. काहींच्या घरी दोन आहेत. तिसरा घेऊन गेलो की आता लोक दारातूनच तब्येतीची चौकशी करतात आणि आत बोलावत नाहीत.

जळगावच्या एका पाइप कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. पाणी कुठून कुठे न्यायचं, किती जाड पाइपातून न्यायचं, हे ठरवणं माझं काम. बायको गेली त्याला आता तीन वर्षं होतील. ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी गाडी विकली आणि मोकळ्या झालेल्या शेडमध्ये लाकूड कापायचं, रंधायचं आणि घासायचं अशी तीन मशीनं मांडली. कॉलनीला वाटलं, छंद लागला. खरं सांगायचं तर मला घरात बसवत नव्हतं. शेडमध्ये ती कधी फारशी आलेली नव्हती, त्यामुळे तिथे तिची वाट पाहिल्यासारखं होत नसे.

लेक पुण्याला असते. तिची मुलगी, माझी नात, सहा वर्षांची आहे. तिला धुळीचा त्रास होतो, छातीत घरघर सुरू होते. गेल्याच्या गेल्या दिवाळीत दोघी पाच दिवसांसाठी म्हणून आल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच लेकीने बॅग भरली. "पप्पा, तुमच्याकडे धूळ फार आहे. हिला खोकला सुरू झालाय." मी स्टेशनवर सोडायला गेलो. त्यानंतर उन्हाळ्याची सुट्टी आली, परत दिवाळी आली, पण दोघी आल्या नाहीत. विचारलं की ती म्हणायची, "धूळ कमी झाली की येऊ ना पप्पा."

जळगावात धूळ आहे हे सांगायला पुण्याहून माणूस यावा लागत नाही. शिवाय तिच्या फ्लॅटसमोर चोवीस मजली इमारत उठते आहे, तिथली धूळ काय अत्तराची असते? हे मी एकदा फोनवर बोलून बसलो. पुढे आठ दिवस तिचा फोन नव्हता. तेव्हापासून मी जिभेला कुलूप घातलं आणि तिच्या वाक्यातला 'की' तेवढा धरून ठेवला. धूळ कमी झाली की येणार. बिघाड काय ते कळलं की दुरुस्ती करायची, एवढंच मला आयुष्यात जमलेलं आहे.

मग मी दुपारभर कूलरसमोर बसून व्हिडिओ पाहायला लागलो. भुसा ओढून घेणाऱ्या यंत्रांत मला तीन प्रकार दिसले. पहिला पिशवीवाला. पंखा भुसा ओढतो आणि मोठ्या कापडी पिशवीत फेकतो. जाड भुसा पिशवीत राहतो आणि बारीक धूळ कापडातून निसटून परत खोलीत येते. छातीत जाते ती हीच, जी डोळ्यांना दिसत नाही. दुसरा प्रकार म्हणजे प्लास्टिकचा छोटा शंकू. तो बादलीवर बसवायचा आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर त्याला जोडायचा. तिसरा मोठा, पत्र्याचा सायक्लोन. हवा बाजूने आत शिरते, शंकूच्या भिंतीला घासत गरगर फिरते, जड भुसा खाली पिंपात पडतो, हलकी हवा मधल्या नळीतून वर जाते आणि तिच्यात उरलेली धूळ शेवटी फिल्टर धरतो. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. किती तरी दिवसांनी डोकं कामाला लागलं होतं.

मी आधी दुसरा घेतला, कारण तो घरपोच येत होता. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली धुतली, तिच्यावर शंकू बसवला, बटण दाबलं, आणि आतल्या ओढीने ती बादली पोटात लाथ बसल्यासारखी आत गेली. असा दणका झाला की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. मी खो खो हसलो. हसता हसताच मान घराच्या दाराकडे वळवली, आत सांगायला. सवयच ती. मग तिथेच स्टुलावर थोडा वेळ बसलो आणि त्या दिवशी पुढे काही काम केलं नाही.

सायक्लोन मला सापडला तो डाळ मिलच्या छपरावर. कारखान्यात जाता-येता त्या मिलच्या सावलीत स्कूटर लावून मी वर्षानुवर्षं चहा प्यायलो होतो. छपरावर ते मोठमोठे पत्र्याचे शंकू उभे आहेत, हे मला ठाऊक होतं. पण ते काय करतात हे कधी विचारलं नव्हतं. डाळीची फोलं आणि धूळ हवेपासून वेगळी करतात म्हणे. व्हिडिओत जे परदेशी लोक कौतुकाने दाखवत होते, ते आमच्या गावात छपराछपरावर कबुतरांची शीट झेलत उभं होतं. मिलच्या वॉचमनने मला पत्रेकाम करणाऱ्या चाचांचा पत्ता दिला.

चाचा मूळचे पारोळ्याकडचे, सत्तरीच्या पुढचे, बोलणं अस्सल अहिराणी. शेडमध्ये बसेल असा लहान सायक्लोन हवा म्हटल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"रोजनी डाळ कितली निंघस तुमनाकडे?"

"डाळ नाही चाचा, लाकडाचा भुसा."

"कितला?"

"असेल रोज एक घमेलं."

ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. मी घरून आणलेला नकाशा पसरला. पाइपाची लाइन मी स्वतः आखली होती, त्रेसष्ट मिलिमीटरचा पाइप आणि चार एल्बो, म्हणजे काटकोनी वळणं. चाचांनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, हाई तं पानीनी लाइन शे. बारीक पाइपम्हा हवा नही चालस."

मला राग आला. एकतीस वर्षं पाइपात घालवलेल्या माणसाला पत्रेवाला पाइप शिकवणार? तुम्ही शंकू करा, पाइपाचं माझं मी बघतो, असं मी जरा तुटकच बोललो. त्यांनी शंकू केला, आणि असा केला की जोडाला बोट लावलं तरी कळू नये. पाइप मी माझ्या अकलेने जोडला. पहिल्याच दिवशी दुसऱ्या एल्बोत रंध्याच्या चिपा अडकल्या, पंखा ऊर फुटल्यासारखा ओरडायला लागला आणि सगळी शेड पांढरी झाली. पाण्याचा पाइप बारीक केला की पाण्याला जोर येतो, हे माझ्या हाडात भिनलेलं. हवेचं तसं नसतं. मी सगळी लाइन उखडली, एकशेदहाचा पाइप टाकला, एकच वळण ठेवलं आणि तेही सावकाश वळणारं. मग चाचांकडे जाऊन, तुमचं बरोबर होतं, असं सांगितलं.

"आते चालस ना?" एवढंच त्यांनी विचारलं. चहा मागवला. चहा येईपर्यंत पत्रा कापता कापता म्हणाले, "घर कोन कोन शेतस?"

"मी एकटाच."

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि चहा पिऊन होईपर्यंत परत उचलली नाही. मला त्या माणसाच्या दुकानात अजून बसायचं होतं, पण बसायला काही निमित्त उरलं नव्हतं.

राहिला फिल्टर. तो धुळ्याला मिळेल, असं चाचांनी सांगितलं. तिथे फर्निचरच्या एका कारखान्यात त्यांनीच केलेला सायक्लोन चालू होता, तोही बघून या म्हणाले. एसटीने गेलो. कारखान्याच्या मालकाने चालू मशीनच्या फिल्टरवरून माझा हात फिरवून दाखवला. हाताला काही लागलं नाही. तसाच घड्या घातलेल्या कागदाचा, छोट्या पिंपाएवढा फिल्टर विकत घेऊन मी परतीच्या बसमध्ये तो मांडीवर धरून बसलो. शेजारच्या सीटवरच्या आबांनी विचारलं, "भजनी मंडळाचा मृदंग का?" मी हो म्हटलं. मग पारोळ्यापर्यंत त्यांनी मला त्यांच्या गावच्या सप्ताहाची सगळी हकीकत सांगितली आणि मीही आमच्या मंडळाचं खोटं खोटं बरंच सांगितलं. ते पारोळ्याला उतरले तेव्हा मला वाईट वाटलं.

फिल्टर बसवल्यावर मी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. काळा रंग दिलेली एक काच मी जेवणाच्या टेबलावर ठेवायचो. दिवसभर शेडमध्ये काम करायचं, संध्याकाळी काचेवर बोट ओढायचं आणि फोटो काढून लेकीला पाठवायचा. पहिल्या आठवड्यात बोटाची रेघ उठायची. नंतर फिकट झाली. मार्चच्या शेवटी रेघ दिसेनाशी झाली. प्रत्येक फोटोवर तिचा अंगठा यायचा. शेवटच्या फोटोवरही अंगठाच आला.

नातीच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी दुपारी व्हिडिओ कॉल केला. मशीन चालू करून दाखवलं, मूठभर भुसा पाइपाच्या तोंडाशी धरला, तो सुळकन गेला. काच दाखवली, फिल्टर दाखवला. आता ये म्हणालो. लेक पडद्यात नुसती बघत होती.

"पप्पा, ते बंद करा ना जरा."

मी बंद केलं. पंखा थांबायला वेळ लागतो. तो पूर्ण थांबल्यावर ती म्हणाली,

"हिला तेव्हा साधी सर्दी होती. धुळीचं मी उगाच सांगितलं."

"मग?"

"त्या दिवशी सकाळी जाग आली तर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, मम्मी उठली. खरंच वाटलं. मी तशीच उठून आले, तर तुम्ही चहा करत होता. मला तुमचा इतका राग आला पप्पा. तुम्ही मम्मी नव्हता म्हणून. मला स्वतःचीच लाज वाटली. मग बॅगच भरली."

एवढी दीड वर्षं मी हवेचा जोर मोजत बसलो होतो.

"त्या घरात मलाही जमत नाही गं," मी म्हणालो. "म्हणून तर इथे असतो."

"मग राहता कसे तुम्ही?"

"जेवायला आणि झोपायला आत जातो."

ती रडायला लागली. नात मागून, काय झालं, काय झालं, विचारत होती. बऱ्याच वेळाने नाक पुसून लेक म्हणाली, "येते मी. पण सकाळचा चहा मी करेन. तुम्ही माझ्याआधी उठायचं नाही."

नाही उठणार, मी म्हणालो.

मे महिन्यात दोघी चार दिवस राहून गेल्या. मला पाचला जाग यायची. शब्द दिला होता म्हणून मी डोळे मिटून पडून राहायचो. सहाच्या सुमाराला आत पातेलं वाजायचं, ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज यायचा, आणि मला माहीत असूनही, लेकच आहे हे माहीत असूनही, तेवढा वेळ घरात बायको असायची. मग लेक हाक मारायची, "पप्पा, उठा," आणि मी उठायचो. तिला हे मी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मला पाचला जाग आली तरी मी उठलो नाही. सहा वाजले. साडेसहा वाजले. मग उठून मी माझा चहा केला.