पहिली मूठ

चाळणीमामांचं आयुष्य गेलं दुसऱ्यांच्या अंगणात. गाडीवर बसवलेलं चाळणयंत्र घेऊन ते दारोदार जायचे आणि लोकांनी पुढच्या पेरणीसाठी राखलेलं सोयाबीन साफ करून द्यायचे. बत्तीस वर्षं हेच. माणूस शब्दाचा पक्का, पण हट्टी भारी. यंत्रातून बी पडू लागलं की पहिली मूठ बरणीत, बरणीवर मालकाचं नाव, आणि बरणी घरच्या कपाटात. का, तर उद्या कुणी म्हणालं, ‘तुम्ही माझं बी बदललंत’, तर पुरावा तोंडावर फेकता यावा. बायको म्हणायची, “कपडे ठेवायला जागा नाही, आणि हे लोकांचं धान्य सांभाळतायत.” मामा मिशीतल्या मिशीत हसायचे.

मग कंपनीचं बी आलं. वरून तणनाशक मारलं तर तण जळायचं, पीक जसंच्या तसं. पण घ्यायचं तर करारावर सही: आलेल्या पिकातलं बी पुन्हा पेरायचं नाही, दर वर्षी नवं घ्यायचं. काहींनी करार गुंडाळून ठेवला, ते बी गुपचूप राखलं आणि मामांकडून साफ करून घेतलं. मामा कुणाला विचारत बसले नाहीत. मामांचा थोरला भाऊ मात्र कंपनीचं नाव काढलं तरी भडकायचा. त्याच्याकडे वडिलांच्या हातचं बी होतं, जिवापाड जपलेलं. “दाणा माझ्या रानात पिकला आणि मालक तिसराच? डोकं फिरलंय काय त्यांचं,” म्हणायचा.

एका सकाळी एक सभ्य गृहस्थ आला. नवीन शेत घेतलंय म्हणाला. “पण माझं बी दुसऱ्याच्यात मिसळणार नाही कशावरून?”

झालं. मामांच्या वर्मावरच बोट. त्यांनी धाडकन कपाट उघडलं: एकसष्ट बरण्या, प्रत्येकीवर ठळक अक्षरात नाव. वर चहाही पाजला त्याला.

आठवड्याने तोच गृहस्थ, कंपनीचा माणूस निघाला, न्यायालयाचा कागद घेऊन आला आणि बरण्या उचलून घेऊन गेला. मग एकोणीस घरी नोटिसा गेल्या. तुमच्या बियाण्यात कंपनीचा दाणा सापडला, नमुने चाळणीवाल्याकडून मिळाले. त्यात थोरल्या भावाचंही नाव.

मामांना खरंच कळेना. भावाने तर कंपनीच्या पिशवीला हातही लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी यंत्राखाली वाकले, तळाची पट्टी खोलली. कोपऱ्यात आधीच्या गिऱ्हाइकाचे दाणे अडकलेले. दर वेळी थोडे राहायचेच, आणि नवं बी सुरू झालं की पहिल्या मुठीबरोबर बाहेर पडायचे. भावाच्या आधी कुणाचं बी चाळलं होतं, तेही आठवलं. अरे माणसा, दुसरी मूठ घेतली असतीस तर काय बिघडलं असतं?

तसेच उठून कंपनीच्या कचेरीत गेले, सगळं सांगितलं. अधिकारी शांतपणे म्हणाला, “म्हणजे आमचा दाणा तुम्ही लोकांच्या बियाण्यात मिसळलात. लेखी देता? मग एकसष्टच्या एकसष्ट रानं तपासावी लागतील.” मामांनी काही लिहून दिलं नाही. ते परत आले.

पेरणी तोंडावर आली तरी कुणी बोलावलं नाही. फितूर म्हणे, चहा पाजून नावं देणारा. दोनदा भावाकडे गेले. वहिनीने दारातूनच “घरात नाहीत” म्हणून सांगितलं, आणि आतून त्याचा खोकला ऐकू येत होता.

एका दुपारी भाऊ स्वतःच आला. मामांचा जीव भांड्यात पडला. “अगं, दादा आलाय, खुर्ची दे.”

दादा बसला नाही. त्याने खिशातून कागद काढला. खटला मिटवायचा होता: घरचं सगळं बी कंपनीच्या ताब्यात, आणि यापुढे पेरायचं ते फक्त त्यांचंच. खाली त्याची सही झालेली होती.

“दादा, ते दाणे तुझे नव्हतेच रे. माझ्या यंत्रातले होते.”

“माहीत आहे. तुझी बायको येऊन सांगून गेली.” त्याने कागद पुढे केला. “एका साक्षीदाराची सही लागते. तुझी साक्ष त्यांना चालते.”

बायकोने पेन आणून दिलं. मामांनी कागद भिंतीला टेकवून सही केली आणि खाली तारीख घातली.