गिरवाबाई

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या पहिलीच्या बाईंना मी परक्या पाहुण्यांसमोर आया म्हणालो, आणि ते त्यांनी ऐकलं.

सुलतान बाजारातल्या आमच्या मराठी शाळेत त्यांना सगळे गिरवाबाई म्हणत. पोर पाटीवर अडलं की मागून वाकायच्या, त्याची मूठ आपल्या मुठीत घ्यायच्या आणि म्हणायच्या, "गिरव." माझा 'ळ' काही केल्या वळेना तेव्हा म्हणाल्या, "हौला आहेस, खुळा. हात धरल्याशिवाय अक्षर येत नाही, अन् सोडल्याशिवाय वळण येत नाही." त्यांनी हात कधी सोडला, ते मला कळलंसुद्धा नाही.

पुढे शहरात संगणकाच्या कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागून इंटरनॅशनल शाळा. आमची शाळा मुलांअभावी बंद पडली. मी अशाच एका नव्या शाळेत प्राथमिकचा प्रमुख झालो होतो. बाईंना मीच तिथे घेतलं, आणि उपकार केल्याच्या सुरात समजावलं, "बाई, इथे शिकवायचं नाही. मुलांचं मुलांना सापडू द्यायचं. आपण बाजूला उभं राहून बघायचं."

"म्हणजे पगार बघण्याचा का रे?"

तरी त्या जमवू पाहत होत्या. वर्गात हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. एक हात दुसऱ्यानं घट्ट धरलेला.

मान्यता द्यायला परदेशी पाहुणे आले त्या दिवशी एक मुलगी अक्षर जमेना म्हणून कागदापुढे रडवेली होऊन बसली. सगळे तिचं शोधणं कौतुकानं पाहत होते. बाई वाकल्या आणि त्यांनी तिची मूठ धरली. पाहुणीनं भुवया उंचावून विचारलं, या इथल्या शिक्षिका का? मान्यता हुकेल या भीतीनं मी हसून इंग्रजीत म्हणालो, "नाही, या आया आहेत."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गाबाहेर, आयाच्या स्टुलावर बसल्या होत्या.

"बाई, आत चला ना."

"नक्को. साहेबांनीच सांगितलं, आया आहे. तेवढं इंग्रजी कळतं मला." मग विचारलं, "त्या पोरीचं अक्षर वळलं का रे?"

मला माहीत नव्हतं. मी तिच्या कागदाकडे पाहिलंच नव्हतं.

त्या आठवड्यात त्यांनी शाळा सोडली. शाळेला मान्यता मिळाली, मला बढती. मलकपेठच्या त्यांच्या घरी मी गेलो तो त्या वारल्यावर. सून म्हणाली, "तुमचं सांगायच्या हो सगळ्यांना. माझा विद्यार्थी मोठ्या शाळेत आहे म्हणून."

पाहुणे अजूनही येतात. 'मला लिहायला शिकवलं त्या बाई याच वर्गात होत्या, आणि त्या शिक्षिका होत्या,' एवढं त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणायचं बाईंचं देणं माझ्यावर आहे. ते अजून दिलेलं नाही.