मामंजींचे थांबे

माझे सासरे चालताना थांबायचे. हट्ट्याकडच्या आमच्या गावात लोक त्यांना ओळखत ते हळद शिजवण्यातले जाणकार म्हणून, पण मला ते आधी आठवतात ते वाटेत उभे राहिलेले. घरापासून शेत फार तर पाऊण मैल. तेवढ्यात ते तीनदा उभे राहत आणि दर वेळी काहीतरी दाखवत. "सूनबाई, या हिरीचं पानी बघ किती खाली गेलंय." "ही बाभळ बघ, आवंदा शेंगाच न्हाईत." डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन मी मागे असे. मला वाटे, नव्या सुनेला गाव दाखवताहेत. गावाला वाटे, माणूस हौशी आहे, सगळ्यांची विचारपूस करत जातो. बोलताना त्यांचा उजवा हात छातीवर असे, तीही त्यांची लकबच समजली जाई.

मोजायची सवय मला माहेरची. वडील शाळामास्तर. त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं आणि घरातल्या सामानाची यादी माझ्याकडे सोपवली. सासरी कागद नव्हता, म्हणून मी चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने खुणा करी. किती शेर दाळ उरली, म्हैस कधी फळली, आणि मामंजी आज किती ठिकाणी थांबले. हे शेवटचं नुसतं गंमत म्हणून. पहिल्या वर्षी तीन, तिसऱ्या वर्षी पाच, सहाव्या वर्षी आठ. खुणा केल्या, त्यांचा अर्थ कुणाला विचारला नाही. आज ओळखीत कुणी असं थांबायला लागलं तर मी त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरकडे धाडते.

फाल्गुन-चैत्रात मामंजींना घरी बसायला फुरसत नसे. ज्याच्या त्याच्या शेतात हळदीची कढई चढलेली असे आणि बोलावणं येई. बाकीचे लोक कंदात काडी खुपसून बघत. मामंजी वाऱ्याच्या बाजूला उभे राहून वाफेचा वास घेत. "वास बदलला. उतरवा," एवढंच म्हणत. अर्धी घटका उशीर झाला तर माल काळा पडतो, घाई झाली तर आतून पिठूळ राहतो. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. हाताची पिवळी बोटं वर्षभर तशीच राहत. दिवसभर जाळाशी उभं राहायचं, मध्ये चिलीम ओढायची, की पुन्हा जाळ. सासूबाई म्हणत, "या मानसाच्या आत बी धूर, भाईर बी धूर."

मग त्यांचे जोडे घट्ट व्हायला लागले. त्यांनी ते दोनदा ढिले करून आणले आणि कातडं आकसलं म्हणाले. पाय धुवायला पाणी देताना एकदा माझं बोट त्यांच्या घोट्याला लागलं आणि मळलेल्या कणकेत उमटावा तसा खड्डा तिथे उमटला. तो भरून यायला किती वेळ लागला ते मी मोजलं. झोपायला आधी एक घोंगडी उशाला घेत, मग दोन, मग तीन. सकाळी बघावं तर भिंतीला टेकून बसलेलेच. तेव्हा मी यजमानांना म्हटलं, "गाडी जुंपा."

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते, निजामाच्या नोकरीतले, उर्दू बोलणारे. त्यांनी दंडाला रबरी पट्टा बांधून फुगवला, काचेच्या नळीतला पारा वर गेलेला बघितला, छातीला आणि पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "दिल थक गया है, बडे मियाँ. पूरा पानी फेंक नहीं सकता, इसलिए पाँव में उतरता है."

मामंजींनी विचार केला. "म्हंजी मोटंचा बैल थकला म्हना. पानी थारोळ्यात यायचं ते हिरीतच ऱ्हायलं."

"बराबर," डॉक्टर हसून म्हणाले. "अब बैल को आराम दो." नमक बंद, तंबाखू बंद, ओझं उचलणं आणि चढणं बंद. औषधाचे थेंब सकाळ-संध्याकाळ दहा-दहा, अकरावा नाही. उशी उंच. मीठ पाणी धरून ठेवतं, म्हणून ते सगळ्यात आधी सोडायचं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी घरी येताच भिंतीवर पाच कलमं लिहिली. मामंजींना वाचता येत नव्हतं, पण रोज सकाळी भिंतीशी येऊन एकेका ओळीवर बोट ठेवत. "एक न्हाई, दोन न्हाई, तीन न्हाई. चार हाय, पाच हाय." चाळीस वर्षांची चिलीम त्यांनी त्याच दिवशी विहिरीमागे फोडली. हळदीला लोक बोलवायला आले की दारातूनच सांगत, "मला सूनबाईनं भितीवर बांधून ठिवलंय."

पहिलं कलम मात्र जड गेलं. अळणी वरणाचा घास ते तोंडात घोळवत आणि ताट सरकवत. चार दिवसांत चेहरा उतरला. सासूबाई माझ्यामागे लागल्या. "अळणी खाऊन मानूस जगंल व्हय? जनावराला बी मिठाचा खडा चाटाया देतो आपन." लोणच्याची बरणी मात्र त्यांनीच उचलून फडताळात मागे ठेवली. नवऱ्याला ती दिसू नये म्हणून.

माझी चूक इथे झाली. आमच्याकडे एकादशीला मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं. उपासाच्या भगरीत, शेंगदाण्याच्या आमटीत तेच पडतं आणि उपास मोडत नाही. लहानपणापासून ते माझ्या लेखी मीठ नव्हतंच. मामंजींच्या वरणात मी शेंदेलोण घालायला लागले. त्यांनी पहिला घास घेतला आणि वर बघितलं. "आज चव आली ग."

"मीठ नाही मामंजी. शेंदेलोण आहे, उपासाचं."

"मंग काय, आता रोजच एकादशी," ते म्हणाले. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मी भिंतीवर सहावं कलम लिहिलं: शेंदेलोण चालेल.

पाय उतरेनात. मी थेंब मोजले, उशा मोजल्या, सगळं बरोबर होतं. दोन महिन्यांनी सूज पोटापर्यंत आली आणि घरातल्या घरात, माजघरातून ओसरीपर्यंत, ते दोन ठिकाणी थांबायला लागले. आता दाखवायला काही नसे, तर म्हणत, "हा खांब बघ किती सरळ हाय."

पुन्हा गाडी जुंपली. यजमान बाहेर बैलांपाशी थांबले, आम्ही दोघं आत गेलो. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. "चोरी से नमक खाते हो?"

"न्हाई साहेब. मिठाचा खडा जिभेला लावला न्हाई. लेकराची शपथ."

डॉक्टर माझ्याकडे वळले. रोज काय काय खातात, सगळं सांग म्हणाले. मी यादी करूनच नेली होती. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, दोडका, पालक, ताक, शेंदेलोण. त्यांचं लिहिणं थांबलं. शेंदेलोण म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. गुलाबी खडा असतो, कुटून घेतात, उपासाला चालतो.

"वो भी नमक है, बेटी," ते म्हणाले. "खान का नमक. वही चीज है." खाणीतून निघतं एवढंच, मीठ तेच.

मग किती घालतेस, कधीपासून, असं विचारलं. मी चिमटीने दाखवलं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, लघवी होण्यासाठी सुई दिली, आणि पाणी आता फुफ्फुसात चढलंय, उशीर झालाय, असं मला बाजूला घेऊन सांगितलं. पण मामंजींना ऐकू आलं होतं.

परतीच्या वाटेवर यजमानांनी विचारलं, "काय म्हनले डाग्दर? काहून उतरंना सूज?"

मी तोंड उघडलं. त्याआधी मामंजी बोलले. "लोनचं खाल्लं रे म्या. फडताळातून काढून. चोरून खाऊन राहिलो होतो. डाग्दरनं बराबर पकडलं."

"बाबा, तुमी?"

"जीभ लई वंगाळ हाय बाबा."

मी म्हणाले, "मामंजी, तसं नाही—" त्यांनी हात वर केला. धाप लागली होती, तरी त्यांनी वाटेकडेच्या बाभळीकडे बोट केलं. "सूनबाई, तिकडं बघ. सुगरनीचे खोपे किती लागलेत. मोज बरं." मी मोजले. अकरा होते. मोजून होईपर्यंत यजमान बैलांना हाकत पुढच्या गोष्टीवर गेले होते.

घरी पोचल्यावर सासूबाई त्यांना बोल बोल बोलल्या. ते ऐकून घेत राहिले, एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून जेवण खरोखर अळणी केलं आणि ते त्यांनी एका शब्दाविना खाल्लं. सूज थोडी ओसरली. पंधरा दिवस बरे गेले. चैत्र लागला होता. आमच्या हळदीची कढई त्यांच्याविना चढली. ते दारात बाजेवर उशांना टेकून बसले होते. वाऱ्यावरून वाफेचा वास घरापर्यंत आला तेव्हा ते समोर कुणी नसताना म्हणाले, "वास बदलला. उतरवा." मी आमच्या पोरीला शेताकडे पळवलं. ती पोचली तेव्हा यजमान काडी खुपसून बघत होते आणि काडी नुकतीच आरपार गेली होती. आठव्या दिवशी दुपारी, बसल्या जागी, मामंजी गेले. रझाकारांच्या धामधुमीच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

तेराव्याला जेवायला आलेले लोक हळू आवाजात बोलत होते. "एवढी सेवा केली सुनंनं, पर म्हाताऱ्याला जीभ आवरंना." मी वाढत होते. पंगतीतून फिरताना हे मला तीनदा ऐकू आलं. मी एकदाही थांबले नाही.

मामंजींनी ते बोलणं माझ्यावर येऊ दिलं नाही. पण ते त्यांच्यापाशीही राहिलं नाही. सासूबाई म्हणायला लागल्या, "बरनी म्या फडताळात काहून ठिवली? माळ्यावर टाकली असती तर त्यांचा हात पोचला नसता." पुढे बारा वर्षं त्या जगल्या. आमच्या झाडाला दर वर्षी कैऱ्या लागत, त्या शेजारी वाटून टाकत. घरात लोणचं पुन्हा घातलं गेलं नाही. मी सांगू शकले असते. आधी भीती होती, मग सांगून आता काय होणार, असं वाटे. शेवटच्या आजारातही त्यांनी मला बरणीबद्दल विचारलं आणि मी त्यांच्या पायाला तेल लावत राहिले.

आता कुणाच्या पायाला सूज आली की घरातली बाई माझ्याकडे पथ्याची यादी मागायला येते. त्यात तंबाखू असते, उशा असतात, चालताना दम लागला तर लपवू नये हे असतं. पहिलं कलम मात्र नेहमी एकच असतं: शेंदेलोण हे मीठच आहे. कुणी विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत, तर मी डॉक्टरांचं नाव सांगते. खरं आज पहिल्यांदा लिहिलं. ज्या सासूबाईंनी हे ऐकायला हवं होतं, त्यांना वाचता येत नव्हतं.