पाहुण्याची गाडी उन्हात

आमच्याकडे गाडी सावलीत लावणं हा संस्कार आहे. कंपनीच्या पार्किंगमध्ये एकच कडुनिंब आहे, आणि त्याच्याखालच्या जागेसाठी माणसं शिफ्टच्या अर्धा तास आधी येतात. तीच माणसं पंचिंगला मात्र उशिरा पोचतात, तो भाग वेगळा. पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत दोन घरांचं बोलणं बंद झालंय ते बदामाच्या झाडाच्या सावलीवरून. अशा जगात मी एकटा माणूस दोन वर्षं ऊन मागत हिंडतोय आणि मला कुणी ते देत नाही.

माझ्याकडे एक गाडी आहे. मूळची ती एका कंपनीची तेरा सीटची स्टाफ बस. मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे भंगारात निघालेल्या वस्तूवर माझा जीव लगेच जडतो. तळवड्याच्या एका शेडमध्ये तिच्या सीटा काढल्या, दोन पलंग बसवले, छोटा फ्रिज, पंखा, आणि टपावर दोन सोलर प्लेटा. आत पलंगाखाली बॅटरी, आणि तिच्यावर किती टक्के वीज उरली ते दाखवणारा एक छोटा पडदा. गाडी चालताना इंजिनावर बॅटरी भरणारं एक यंत्र मिळतं. ते मी घेतलं नाही, कारण ‘ऊन फुकट आहे’ हे माझं वाक्य मलाच फार आवडलं होतं.

हे सगळं केलं ते आईसाठी. आईला झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे. झोपताना नाकावर मास्क लावायचा आणि उशाशी एक छोटं मशीन ठेवायचं. ते झोपभर हवा आत ढकलतं. डॉक्टरांनी बजावलंय, मशीनशिवाय डुलकीसुद्धा घ्यायची नाही. आणि आईची धाकटी बहीण, माझी मावशी, राहते चाकणच्या पलीकडच्या गावात. तिचे गुडघे गेलेले, ती येऊ शकत नाही. आई तीन वर्षांत चारदा तिच्याकडे गेली, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. घरी आल्यावर म्हणायची, “जेवून आले.” ‘भेटून आले’ असं तिनं एकदाही म्हटलं नाही. बहिणी भेटतात त्या रात्री, अंथरुणं घातल्यावर. आणि रात्रीला मशीन लागतं, मशीनला वीज.

त्या गावाच्या शिवेवर कंपन्यांचे दिवे पहाटेपर्यंत लखलखत असतात. त्या कंपन्यांखालची निम्मी जमीन याच गावाची, त्यात मावशीचं शिवारही गेलं. आणि गावात मात्र संध्याकाळी लाइट आली की माणसं घड्याळाकडे बघतात. मावसभावाकडे इन्व्हर्टर आहे. त्याची बॅटरी गणपतीच्या मिरवणुकीत लायटिंगला नेली ती परत आली नाही. या सगळ्याचा मला भयंकर संताप येतो. पगारही त्याच लखलखाटातून येतो म्हणून तो संताप मी जेवणाच्या ताटावर बसूनच करतो.

तर ठरलं असं, की गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी, तिला तीन रजा जोडायच्या आणि आईनं बहिणीकडे तीन रात्री राहायचं. गाडी दारात उभी करायची आणि वायर खिडकीतून आत घ्यायची. बॅटरी भरलेली असली की एक रात्र आरामात निघते, दिवसा ऊन तिला पुन्हा भरतं. गणित शाळकरी पोराला जमावं इतकं सोपं होतं.

पण सोसायटीच्या सेक्रेटरींना गाडी पुढच्या बाजूला चालेना. “साहेब, फ्लॅट बघायला येणाऱ्यांना वाटतं इथं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. मागं लावा, भिंतीला. वर करंजाची गार सावली आहे.”

“मला ऊन पाहिजे हो.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी हॉटेलात जाऊन खरकटं मागितलंय.

“मग निदान पार्किंगच्या प्लगमधून बॅटरी भरू द्या.”

“कॉमन मीटर आहे तो. आज तुम्ही, उद्या सगळेच ट्रक आणतील.”

करंजाखाली आठ दिवस उभी राहून माझी गाडी बावन्न टक्क्यांवर आली. बायको म्हणाली, “अहो, ऊन फुकट होतं ना?”

गुरुवारी आई सकाळी सहालाच नेसून पुढच्या सीटवर बसली. मांडीवर मशीनची पिशवी, त्यात मास्क रुमालात गुंडाळलेला. चाकणच्या चौकात पाऊण तास अडकलो. जन्मात पहिल्यांदा मला त्या चौकाचा राग आला नाही, कारण वर लख्ख ऊन होतं आणि बॅटरी तीन टक्के चढली. मागे हॉर्न वाजत होते आणि मी आकडा बघून हसत होतो.

“पुढं घ्या,” बायको म्हणाली. “लोकांना वाटेल राहायलाच आलोय इथं.”

मावशीच्या दारात मावसभाऊ उभाच होता. चिंचेखालची जागा झाडून, पाणी मारून ठेवलेली.

“दादा, हितं लावा. तुमच्या गाडीपायी म्हस बी हलवलीया.”

“अरे, मला उन्हात लावायचीय.”

“उन्हात? पाव्हण्याची गाडी उन्हात लावली तर गाव शेण घालंल की माझ्या तोंडात!”

मी गाडी खळ्यात, भर उन्हात लावली. त्याला टपावर चढवून प्लेटा दाखवल्या. ऊन पडलं तर वीज, वीज असली तर मशीन, मशीन असलं तर आई इथं झोपणार, असं सगळं सांगितलं. तो मान हलवत होता. “कळलं?” “कळलं की!” नव्या पोरांना सेफ्टीचं लेक्चर मीच देतो. मान हलणं आणि कळणं यांचा संबंध नसतो, हे मला वीस वर्षं माहीत आहे. तरी मी किल्ली गाडीलाच ठेवली, मटणाचा रस्सा भाकरी चुरून ओरपला आणि ओसरीवर आडवा झालो.

साडेतीनला जाग आली तेव्हा खळं रिकामं होतं.

गाडी चिंचेखाली होती. टपावर, माझ्या दोन्ही प्लेटांवर, नीट अंथरलेली ओली पोती होती. खाली थेंब टपटपत होते. आत पंखा फुल्ल, फ्रिजमध्ये आळीभरच्या पाण्याच्या बाटल्या, आणि प्लगांना सात मोबाइल. पडद्यावर आकडा एकेचाळीस.

“कुणी हलवली?” मी ओरडलो.

“मीच. लई तापली व्हती,” मावसभाऊ कौतुकानं म्हणाला. “हात लावून बघा आता, कशी गार झालीया.”

मग मी जे बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य होतं, “तुम्हा लोकांना एक साधी गोष्ट सांगून कळत नाही का रे?”

त्यानं पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाला, “दादा, जिमीन घ्यायला आल्ते, तवा बी असंच म्हनले. तुमा लोकांना कळत न्हाई.”

एवढं बोलून तो टपावर चढला आणि एकेक पोतं खाली टाकू लागला. मी खाली उभा. माझा एक सुपरवायझर होता, तो आम्हाला ‘तुम्ही लोक’ म्हणायचा. त्याच्या नावानं मी अनेक वर्षं बोटं मोडली. त्याचं वाक्य मी इतकं जपून ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं. राग तरीही होताच. फक्त तो कुणावर काढायचा, ते कळेना.

आई ओसरीच्या पायरीवर येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “चल,” ती म्हणाली, “अंधार पडायच्या आत निघू. जेवण झालं आपलं.”

मावशी भिंत धरत धरत आत गेली आणि बरणीतलं लोणचं डब्यात काढायला लागली. आई संध्याकाळी परत निघाली की दर वेळी ती हेच करते. त्या चमच्याचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

“थांब गं,” मी म्हणालो आणि गाडीत शिरलो. मोबाइल काढले, पंखा बंद, फ्रिज बंद. पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. रात्र कशीबशी निघत होती, पण पहाटेला भरवसा नव्हता. आणि श्वासाच्या बाबतीत ‘कशीबशी’ हा शब्द मला वापरायचा नव्हता.

बायको दारातून म्हणाली, “अहो, हवा दमट करायला त्या मशीनमध्ये पाणी कोमट करतात ना? ह्या उकाड्यात ते कशाला पाहिजे?”

माझ्या गाडीत आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला आहे. कुठली वस्तू किती वीज खाते, लॅमिनेट करून. त्यात सगळं आहे, माझं दाढीचं यंत्रसुद्धा. कोमट पाणी नाही. मशीन ज्याच्याकडून घेतलं त्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “बंद ठेवा की काका, उन्हाळ्यात बरेच जण ठेवतात. वीज निम्म्यावर येईल.” डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, चालेल.

बायकोनं यावर काही टोमणा मारला नाही. ते मला जास्त लागलं.

अजून अडीच तास ऊन होतं. गाडी परत खळ्यात घेतली. मावसभाऊ माझ्याशी बोलत नव्हता, पण टपावर बसून आपल्या धुतलेल्या उपरण्यानं प्लेटा कोरड्या करत होता. चिंचेची सावली खळ्यात सरकायला लागली तसा तोच वरून ओरडला, “म्होरं घ्या! आली सावली!” मी पुढं घेतली. पुन्हा सरकली, पुन्हा घेतली. संध्याकाळपर्यंत आम्ही गाडी पार उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवली होती.

“किती झालं?” त्यानं विचारलं.

“पंचावन्न.”

“पुरंल?”

“पुरंल. आणि ऐक, मघाशी मी जे…”

“ऱ्हाऊ द्या, दादा. मला बी पोत्याआधी इचारायला पायजे व्हतं.”

वायर ओढून मावशीच्या खोलीत दिली, मशीन चालू करून बघितलं, बंद केलं, आईला बटण दाखवलं. गाडीत जाऊन पडलो तो मेल्यासारखा झोपलो.

सकाळी उठल्या उठल्या पडदा बघितला. चोपन्न.

रात्रभर मशीन चाललं असतं तर आकडा इतका वर राहणं शक्यच नव्हतं. म्हणजे वायर निसटली, किंवा बटण दाबलंच नाही, आणि आई तशीच झोपली. मी अनवाणी धावलो.

दोघी ओसरीवर चहा पीत बसल्या होत्या. मास्क रुमालात होता तसाच.

“आई! मशीन लावलं नाहीस?”

“झोपलेच न्हाई तर लावू कशाला?” गावात रात्र काढली की आईची भाषाही तिथली होते. “बोलत बसलो व्हतो आमी.”

“रात्रभर?”

“तीन वर्सांचं साठलं व्हतं,” मावशी म्हणाली. “एका रातीत कुठं सरतंय?”

आता मला सांगा, माणसानं करायचं काय? आठ दिवस मी करंजाकडे बघून दात खाल्ले. सेक्रेटरीशी वैर घेतलं, भावाला तोडून बोललो, सावलीच्या पुढं पुढं गाडी पळवली. आणि या दोघींनी एका टक्क्यात रात्र काढली, तोही टक्का बहुधा पडद्याच्याच दिव्यानं खाल्ला असणार. मी हे सगळं मोठ्यानं बोललो. आईनं शांतपणे बशी खाली ठेवली.

“मंग बरंच की. शिल्लक ऱ्हायली ना? आता झोपते.”

आणि नऊच्या उन्हात ती मावशीच्या गार खोलीत झोपली, नाकावर मास्क लावून, कोमट पाण्यासकट. मशीन सूं सूं करत होतं आणि प्लेटा त्याला लागेल त्याच्या कितीतरी पट वीज देत होत्या. शेजारचे एक म्हातारबाबा गाडीपाशी थबकले. “कुनाची ही? उन्हात करपतीया की. सावलीला घ्या.”

“हात लावू नका, आबा,” मावसभाऊ ओरडला. “आमची मावशी झोपलीया तिच्यावर!”

आबांनी टपाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि निघून गेले.

आई दुपारी दोनला उठली. आकडा ब्याण्णव होता. मी तो तिला दाखवला आणि जरा कडक आवाजात विचारलं, “आज रात्री तरी झोपणार ना?”

“बघू,” मावशीनंच उत्तर दिलं. “काल निस्तं माह्यारचं झालं. तुझ्या बापाकडचं अजून निघायचंय.”