शर्यतीबाहेरचं पाणी

माझ्या सासूबाईंनी मला कधी "आलात का?" असं विचारलं नाही. दार उघडलं की प्रश्न ठरलेला, "पाव्हणं, दमला का?" माझं उत्तरही ठरलेलं, "छे मामी, दमायला काय झालं?" हे म्हणताना माझा एक खांदा दाराच्या चौकटीला टेकलेला असायचा, आणि बुटाची नाडी सोडायला वाकलेला मी परत वर येईन याची मलाच खात्री नसायची.

मामी म्हणजे कौसाबाई, जामखेडकडच्या. आमच्यात सासूला मामीच म्हणतात. लेकीच्या बाळंतपणाला त्या टोकियोत आल्या, तेव्हा मी दिवसा ऑफिसात आणि रात्री पाळण्यापाशी अशा दोन पाळ्या करत होतो. मामींना सगळं जगच दमलेलं दिसायचं. कपडे धुण्याचं मशीन गचके देत थांबलं की त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायच्या, "दम खा बाई." शेजारचे म्हातारे जपानी गृहस्थ जिन्यात भेटले की त्यांनाही विचारायच्या, "दमला का?" ते अदबीने कमरेत वाकायचे. मामी घरात येऊन सांगायच्या, "लई दमलेत बिचारे. सरळ उभं ऱ्हाता यीना."

आता मामी इथे नाहीत. दार मीच किल्लीने उघडतो. मला कुणी काही विचारत नाही.

मामींचं निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलं. दिवाळी झाली की गाडी जुंपायची आणि पाण्याच्या मुलखात, श्रीरामपूर-बेलापूरच्या बाजूला जायचं. फडात मुकादम "उरका, उरका" करत फिरायचा, आणि सरीतून मामींचा आवाज यायचा, "दम खा गं पोरींनो!" मुकादमाने एकदा विचारलं म्हणे, "कौसाबाई, मुकादम तू हायस का मी?" मामी म्हणाल्या, "तुमीच. म्हनून तर तुमाला दम लागत न्हाई."

एक गोष्ट मामींनी मला कधी सांगितली नाही. ती माझ्या बायकोने, मनीषाने सांगितली. मनीषा लहान असताना एकदा फडात उन्हाने मलूल पडली. मामी तिला कडेवर घेऊन जवळच्या एका वस्तीवर पाणी मागायला गेल्या. विहीर भरलेली होती. ओसरीवरची बाई म्हणाली, "तोडवाल्यांनी हिरीवर यायचं न्हाई." मामी तशाच परत फिरल्या. पुढे जामखेडला स्वतःच्या दारापुढे त्यांनी रांजण मांडला. पाणी टँकरचं, तेही आठवड्यातून कधीतरी. पण दारावरून जाणारा गूळ-पाणी घेतल्याशिवाय सुटायचा नाही. टोकियोतही त्यांच्या पदराच्या गाठीला गुळाचा खडा असायचा.

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो. मी शिर्डीचा. वडिलांचं प्रसादाचं दुकान. शिर्डीच्या माणसाला परगावच्याने काही विचारलं आणि तो "माहीत नाही" म्हणाला, असं आजवर घडलेलं नाही. वाट माहीत नसली तर तो जास्तच ठामपणे दाखवतो. टोकियोत जागतिक मैदानी स्पर्धा आल्या तेव्हा मी मामींना जाहीर करून टाकलं, "जगातला सगळ्यात वेगवान माणूस तुम्हाला समोर बसून दाखवतो." तिकिटंही काढली. ती ज्या दिवसाची होती तो दिवस उलटून गेला, हे मला दोन दिवसांनी कळलं. मनीषाने तिकिटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दमलेली बाई बोलत नाही, नुसती बघते. मग म्हणाली, "रस्त्यावरची शर्यत फुकट असते. आईला तिकडे ने. दोघंही जा. मला आणि बाळाला झोपू द्या."

रस्त्यावर होती ती बायकांची चालण्याची शर्यत. सकाळीच ऊन असं, की मला जामखेडचं स्टँड आठवलं. त्या कंबर हलवत, हात मारत चालणाऱ्या मुली पाहून मामींनी पदर तोंडाला लावला.

"चालायची शर्यत? आन् ह्याला बक्षीस हाय?"

"पदक असतं, मामी."

"आमाला कुनी दिलं न्हाई ते!"

मी नियम सांगायला लागलो. एक पाय कायम जमिनीवर हवा, गुडघा ताठ हवा, पळालं की बाद. मामी म्हणाल्या, "म्हंजी पळावं वाटलं तरी चालायचंच?"

"हो."

"मंग त्यात शिकायचं काय? बाईच्या जातीला येतंच की ते."

वळणापाशी एका लांब टेबलावर रंगीत बाटल्या मांडल्या होत्या. मुली येता येता उचलत होत्या. मामींनी विचारलं, "त्ये काय?"

इथे मी गप्प बसलो असतो तर हे सगळं लिहावं लागलं नसतं. मी म्हणालो, "ती पाणपोई."

मामींचा चेहरा उजळला. "पुन्याचं काम हाय. मंग आपुनबी दिलं तर?"

"द्या की! इथे चालतं."

तोवर सगळ्यात शेवटची मुलगी आली. हिरवा बनियन, काडीसारखे पाय, ओठ पांढरे पडलेले. मामी पुटपुटल्या, "माझ्या मनीवानी दिसती." आणि दोरीवरून वाकून त्यांनी आपली बाटली तिच्यापुढे धरली. मुलीने बाटलीकडे पाहिलं. हात उचललासुद्धा. मग मान हलवली आणि पुढे गेली.

लगेच जाकीट घातलेला एक स्वयंसेवक धावत आला आणि माझ्यापुढे चार वेळा वाकून जे बोलला, त्यातलं मला निम्मं कळलं. तेवढं पुरेसं होतं. त्या टेबलाखेरीज कुठलंही पाणी घेतलं तर चालणारी बाद होऊ शकते.

मामी हातातल्या बाटलीकडे बघत उभ्या होत्या. "घेतलं न्हाई तिनं," एवढंच म्हणाल्या. तो आवाज मी आधी ऐकलेला नव्हता. त्यांना ती वस्ती आठवली असणार, असं मला वाटलं. मी घाईघाईने नियम सांगितला, या वेळी खरा.

"म्हंजी पानी घेतलं असतं तर पोरीचं समदं गेलं असतं?"

"हो."

"तुमच्यापायी."

"हो."

"पाव्हणं, ठावं नसलं की न्हाई म्हनत जावा. त्यानं काय जीव जात न्हाई."

मी निघूया म्हणालो, पण मामी हलल्या नाहीत. "ती पोरगी यिऊ द्या." शर्यत त्याच रस्त्यावर फेऱ्या मारत होती. मुलगी पुन्हा आली तेव्हा तिची मान एका बाजूला कलली होती. भोवतालचे लोक टाळ्या वाजवत ओरडायला लागले, "गंबात्ते! गंबात्ते!"

"काय म्हनत्यात?"

"नेट लाव, हटू नकोस, असं."

मामींनी सगळ्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली. "हितंबी समदी मुकादमच हायत का वो?" आणि मग फडातल्या त्या जुन्या आवाजात, माझ्या कानापाशी, "दम खा गं पोरी! दम खा!"

सगळे वळून बघायला लागले. एक आजोबा कौतुकाने हसले. आमच्याकडे असाच नेट लावायला सांगतात, असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही.

मुलगी आमच्यापुढून गेली, आणि थोड्याच अंतरावर एक पंच तिच्यासमोर आला. त्याने लाल पाटी धरली. गुडघा वाकला होता की पाय उचलला होता, कोण जाणे. ती थांबली, बाजूला झाली आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. टाळ्या बंद झाल्या. लोकांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

"काय झालं?"

"बाद झाली, मामी."

"आता ती शर्यतीत न्हाई?"

"नाही."

"नक्की? का पुन्यांदा पानपोई?"

"नक्की, मामी."

"मंग आता चालंल."

मी काही म्हणायच्या आत मामी दोरीखालून पलीकडे गेल्या होत्या. स्वयंसेवक पुढे आला, त्यांच्याकडे बघितलं, आणि का कुणास ठाऊक, बाजूला झाला. मामी मुलीपाशी उकिडव्या बसल्या. पदराची गाठ सोडली. आधी गूळ, उन्हातून आलेल्याला नुसतं पाणी देत नाहीत. मग बाटली. मुलीने ती दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून सगळी संपवली. खेळाडूने अनोळखी माणसाच्या हातून काही खाऊ नये, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. तेव्हा ठाऊक असतं, तर मी तेही सांगत बसलो असतो.

"दमलीस?" मामींनी विचारलं.

मराठीचा एक शब्द कानावरून न गेलेल्या त्या मुलीने मान डोलावली, आणि मग तिला रडू आलं.

घरी परतताना मामी गाडीत डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, झोपल्या. तेवढ्यात म्हणाल्या, "बाद झाल्याबिगर पानी घ्यायचं न्हाई. कसली वो ही रीत?"

बाळाचं बाळसं दिसायला लागलं तशा मामी परत निघाल्या. भाषेची अडचण नको म्हणून विमानतळावर मी त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची सांगितली होती. मामींनी तिच्यावर पिशवी ठेवली आणि स्वतः ढकलत निघाल्या. खुर्ची आणणारी मुलगी मागून रिकाम्या हातांनी चालत राहिली. तपासणीच्या रांगेत शिरल्या, आणि थोड्या वेळात दोरीपर्यंत परत आल्या. हातात पाण्याची बाटली.

"हितनं पुढं पानी नेऊ देत न्हाईत म्हनं. ह्यांचंबी पान्याशी काय वाकडं हाय कुनास ठावं. धरा. ओतून देऊ नका."

मी बाटली घेतली. मामी माझ्याकडे बघत होत्या. मागे रांग खोळंबली होती.

"पाव्हणं, दमला का?"

दोरीच्या अलीकडे मी, पलीकडे त्या. ठरलेलं उत्तर ओठांवर आलं होतं.

"हो मामी," मी म्हणालो. "लई दमलोय."

मामींना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी पदराची गाठ सोडली. "मंग आदी ह्यो खावा."

मी गूळ खाल्ला आणि तिथेच उभ्याने पाणी प्यायला लागलो. मामी हलल्या नाहीत. बाटली रिकामी झाल्याचं दिसलं, तेव्हाच वळल्या.