मुकोंदेच्या बाळाचं दुपटं

आमच्या चारकोपच्या सोसायटीत पंचावन्न बिऱ्हाडं आणि एक कादंबरीकार. सेक्रेटरी म्हणून पंचावन्न बिऱ्हाडांनी मला दिला नसेल तेवढा ताप या एका माणसाने दिला. विद्याधर पेडणेकर, तळमजला, बायको वारल्यापासून एकटेच. अंधेरीच्या एका मिशन हॉस्पिटलात एकतीस वर्षं चादरी-गाऊनचं भांडार सांभाळून रिटायर झाले आणि मग इथे राहायला आले. त्या हॉस्पिटलात झांबियात काम करून आलेली एक वयस्कर नर्स होती. ती चहाच्या वेळी जे सांगायची, त्यावर या गृहस्थांनी कादंबरी उभी केली. स्वतः वेंगुर्ल्याच्या पलीकडे कधी गेले नाहीत, पासपोर्टसुद्धा नाही.

लिहिली तर लिहिली, घरात ठेवावी ना. दर रविवारी नाश्त्याच्या वेळेला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रकरण. टाकी धुणार, पाणी भरून ठेवा, अशी सूचना मी टाकायची आणि ती सिस्टर मार्थाच्या जीपखाली सापडायची. सिस्टर मार्था म्हणजे कादंबरीची नायिका, नगरकडची मराठी ख्रिस्ती नर्स, मुकोंदे नावाच्या गावातल्या मिशन दवाखान्यात गेलेली. गाव, दवाखाना, मार्था, सगळं पेडणेकरांच्या डोक्यातलं. माझं एकच म्हणणं होतं, वर ‘काल्पनिक’ असं लिहा. ते म्हणायचे, कादंबरी आहे हे लोकांना कळतं. लोकांना काय कळतं हे सेक्रेटरी झाल्याशिवाय समजत नाही.

बाराव्या प्रकरणात जूनची थंडी पडली. झांबियात जूनमध्ये थंडी असते हे मला तेव्हा कळलं. अपुऱ्या दिवसांचं एक बाळ जन्मलं, गुंडाळायला कपडा नाही, मार्थाने अंगातला स्वेटर काढला. प्रकरण नेमकं तिथेच तोडलं. हीसुद्धा त्यांची एक खोड.

झालं. बाळ गारठलं म्हटल्यावर आमच्या बायका गप्प बसतात होय? मंगळवारी बी विंगमधल्या कपाटांतून जुनी मऊ लुगडी बाहेर निघाली, पदरावर पदर ठेवून धावदोरे घातले गेले आणि शनिवारी सकाळी सदतीस दुपटी ऑफिसात हजर, मुकोंदेला पाठवायला. कुरिअरची चौकशी म्हणे मी करायची. लिफ्टच्या दुरुस्तीची मीटिंग मी उभ्याने घेतली, कारण खुर्च्यांवर दुपटी होती.

मीटिंग संपताच गाठोडं बांधलं आणि पेडणेकरांच्या टेबलावर नेऊन आपटलं. म्हटलं, असं गाव नाही हे सगळ्यांना आजच्या आज सांगा. त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली. मग म्हणाले, तेराव्या प्रकरणात ते बाळ जाणार आहे. मार्थाची श्रद्धा तिथे डळमळते, पुढची सगळी कादंबरी त्यावर आहे. मी कपाळाला हात लावला. इथे बायका बोटांना सुया टोचून घेतायत आणि यांना मार्थाच्या श्रद्धेची पडलीय.

गाठोड्यात सगळ्यात वर एक हिरवं दुपटं होतं, लाल काठाचं. बाकीची आठवड्यातली, हे जुनं, पण कधीच न वापरलेलं. घडीवर पिवळी रेघ पडलेली. ते तिसऱ्या मजल्यावरच्या सुलक्षणाताई सावंतांचं. सहा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी मानसी सातव्या महिन्यात बाळंत झाली. बाळ दोन दिवस काचेच्या पेटीत राहिलं आणि गेलं. दुपटं कपाटात राहिलं. हे मी पेडणेकरांना आवाज चढवूनच सांगितलं, कारण मला खरोखर राग आला होता. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते दुपटं उचललं, नीट घडी करून परत ठेवलं आणि चपला घातल्या.

आम्ही दोघं वर सावंतांकडे गेलो. पेडणेकरांनी दारातच कबूल करून टाकलं, की मुकोंदे कुठेच नाही, सगळं त्यांनी रचलेलं आहे. मला कुठे बघावं कळेना. सुलक्षणाताई मेथी निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या.

“ता माका कळता,” त्या म्हणाल्या. “मी काय येडी आसंय? पण थंडीत तेका तुमीच ठेवलात ना? मगे दुपटा पोचवूचा कामय तुमचाच.”

दुपटी महापालिकेच्या प्रसूतिगृहात नेऊन देतो, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. त्यावर त्यांनी मान डोलावली, पण बघत होत्या त्या पेडणेकरांकडेच. जिना उतरताना ते पुटपुटले, बाळाला दुपटं पोचवलं तर कादंबरीची वाट लागेल. मी म्हटलं, लागू दे.

रविवारी तेरावं प्रकरण आलं. मार्थाकडे टपालाने गाठोडं आलं, त्यात सगळ्यात वर हिरवं, लाल काठाचं दुपटं. बाळ त्यात गुंडाळलं आणि जगलं. टपाल मुंबईहून मुकोंदेला एका प्रकरणात पोचतं, हे कोणाला पटावं? इतकं भिकार प्रकरण त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं. श्रद्धा वगैरे डळमळलीच नाही. मी ते दोनदा वाचलं.

सुलक्षणाताई ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, “बाळाचं वजन किती भरलं?”

लगेच पेडणेकरांचा फोन. “जयवंतराव, काय लिहू?”

मी वैतागलो. मला काय विचारता, म्हटलं, कादंबरी तुमची.

“अडीच किलो लिहा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.