उभं राहून सांग

"गुडघे टेकलेस? त्या टेकूंच्या जंगलात, चिखलात, हातात सहीचा कागद घेऊन?"

"सवयीनं टेकले गेले, मॅडम."

"बरं. मग?"

"मग सालोंगोंनी विचारलं, दिवस कसा गेला. म्हटलं, बरा गेला. मग घरचे कसे आहेत. मग बाबांची पाठ, आईच्या केळी, धाकट्याची परीक्षा..."

"आणि टेकू? त्यांची तब्येत विचारली का कुणी?"

अमोडिंग मॅडमचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. तो उतरत चालला होता, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

झालं होतं असं. आमचं काम मसाका शहराबाहेरच्या एका वसतिगृहाचं; मॅडम इंजिनियर, मी त्यांच्या हाताखाली शिकणारी. आज पहिला स्लॅब टाकायचा होता. काल संध्याकाळी मी खाली फिरून आले. तिसऱ्या गाळ्यात पूर्वी संडासाचा खड्डा होता. तो गेल्याच आठवड्यात बुजवलेला, आणि त्या भरावावर निलगिरीचे बारा वासे विटांच्या तुकड्यांवर उभे केलेले. मी टाच रोवली, तर पाय घोट्यापर्यंत आत गेला. तशीच पळत पलीकडच्या गाळ्यात सालोंगोंकडे गेले.

सालोंगो आमचे मुकादम. जुळ्यांचा बाप म्हणून हा मान. खरं नाव आता कुणी घेत नाही. ते माझ्याच कुळातले, नात्यानं माझे बाबाच लागतात. वडीलधाऱ्यांपुढे आमच्यात मुलगी उभ्यानं बोलत नाही. मी टेकले, त्यांनी ख्यालीखुशाली विचारली, डोक्यावर हात ठेवला. खालून वर बघताना त्यांची हनुवटी तेवढी दिसत होती. त्या हनुवटीला 'तुमचे टेकू चुकलेत' असं कसं सांगायचं? टेकू ठीक आहेत म्हणून मी सही केली आणि उठले.

रात्रभर डोळ्यासमोर तो पाय आत जात राहिला. सकाळी पत्र्याच्या ऑफिसात मॅडमना सगळं सांगून टाकलं.

"मॅडम, तुम्हीच थांबवा ना. तुमच्या एका शब्दावर..."

"स्लॅब आज टाकला जात नाही, ती काळजी सोड." टेबलावर मिक्सरचं हँडल होतं. चोरीला जाऊ नये म्हणून ते रोज संध्याकाळी आत यायचं. त्याच्याशिवाय मिक्सर सुरू होत नाही. मॅडमनी ते माझ्याकडे सरकवलं. "सालोंगो हे न्यायला येईल. तू सांग. उभं राहून सांग."

"शनिवारी माझी क्वांजुला आहे, मॅडम!"

"माहितीये. मलाही बोलावलंयस."

"मुलाकडचे मला मागणी घालायला अंगणात येऊन बसणार. आमच्या कुळातर्फे बोलणार सालोंगो. 'ही आमची लेक' असं त्यांच्या तोंडून निघालं नाही, तर पाहुणे आल्या पावली परत. आणि आज मी त्यांना चाळीस माणसांसमोर..."

"नामुबिरू, बुधवारी मी चालले सोरोटीला, पुलाच्या कामावर. पुढचे चार स्लॅब तुझे. तेव्हा कुणाला हाक मारशील?"

असं म्हणून त्या खिडकीकडे वळल्या. उजवा हात कोटाच्या खिशात. तो हात स्लॅबच्या दिवशी कायम खिशात असतो, कारण तो थरथरतो. हे आम्हा पोरींनाच ठाऊक. आत्तापर्यंत त्यांच्या हाताखाली आम्ही पाचजणी शिकलो. पाचही जणींना त्यांनी एक गोष्ट एकदाच सांगितली. पंचविशीच्या असताना म्बालेला एका भिंतीची चीर त्यांना दिसली होती. मान खाली घालून, हळूच, "जरा बघाल का?" असं तिथल्या गवंड्याला म्हणाल्या. त्यानं नाही बघितलं. भिंत ओपोलोत नावाच्या मजुरावर पडली. पाय गेला त्याचा. अजून दर नाताळात त्या त्याच्या घरी जातात, आणि तो म्हणे त्यांनाच समजावतो. सत्तावीस वर्षं झाली. स्लॅबच्या सकाळी त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "मॅडम, भीती कधी जाते?" त्या म्हणाल्या, "गेली की सांगेन."

बाहेर चपला वाजल्या.

"पोरी, हँडल." सालोंगो दारात.

माझे गुडघे आपोआप वाकू लागले. खरंच, मी नाही वाकवले. मी टेबलाची कड धरली.

सालोंगो थांबले. मी टेकायची वाट बघत राहिले. "आज आमच्या लेकीची सकाळ झालेली दिसत नाही."

"रात्र कशी गेली, बाबा?" मी उभ्यानंच विचारलं.

"बरी गेली होती. आत्तापर्यंत."

मॅडम पाठमोऱ्याच. वळून बघतील म्हणून मी थांबले; त्या वळल्या नाहीत.

"बाबा, स्लॅब आज टाकायचा नाही."

"कोण म्हणतं? ही तेसोची, परमुलखातली बाई?"

"मी म्हणते."

"आणि कालची सही? ती तुझ्या भुतानं केली?"

"माझीच आहे. चुकून केली. तिसऱ्या गाळ्याखाली भराव आहे. माझा पाय आत गेला, बाबा. ओल्या काँक्रीटचं वजन ते बारा वासे नाही पेलणार."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून टेकू लावतोय मी! तुझ्या आईच्या माहेरच्या अंगणात तुझ्या बापासाठी कोण बोललं होतं? विचार घरी!"

"तुम्हीच."

"आणि आज तोंड वर करून बोलतेस?"

"कालच्यासारखं खाली घालून बोलले, तर सांगणंच होत नाही." मी वर बोट केलं. "तिसऱ्या गाळ्यावर वास्वा उभाय, बाबा. तुमचा वास्वा."

सालोंगोंच्या जुळ्यांतला थोरला. त्यांनी छपराकडे बघितलं, जणू पत्र्यातून पलीकडचं दिसतंय. कपाळाची शीर उडत होती. मला वाटलं, आता हात उगारतील. मी डोळे मिटले नाहीत. मिटायचंही सुचलं नाही.

ते वळले आणि दारातूनच ओरडले, "वास्वा! उतर खाली! सगळे उतरा! फावडी घ्या, तिसरा गाळा उकरायचाय!"

वरून कुणीतरी हसत विचारलं, "का हो, सालोंगो, मिक्सर आजारी पडला?"

"उतर म्हटलं ना, गाढवा!"

मॅडमचा श्वास ऐकू आला, मोठा, सुटलेला. पण सालोंगो उंबऱ्यावरच होते, माझ्याकडे पाठ करून.

"बाबा," मी म्हटलं, "शनिवारी याल ना?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली, आणि पायऱ्या उतरून, फावडं उचलून तिसऱ्या गाळ्याकडे गेले.